परिचारिकेचे कर्तव्य आणि तिचा हक्क

(धामणगाव बढे येथील धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त परिचारिका भगिनी व त्यांचे कुटुंबीय यांच्या मेळाव्यापुढे केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत आजच्या भाषणाचा विषय 'परिचर्येतील कायदा, नीती व व्यवसायधर्म' असा छापला आहे. विषय रुक्ष वाटेल, हे आम्ही जाणून आहोत. तथापि या मंडपात बसलेल्या कितीतरी घरांतील मुलगी, सून किंवा बहीण आज कोठे ना कोठे रुग्णाच्या उशाशी उभी आहे. कोणी मलकापुरास, कोणी बुलढाण्यास, कोणी जळगावास, कोणी मुंबईस, तर कोणी समुद्रापलीकडे आखाती मुलखात. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला त्यांच्या जागा रिकाम्या असतात, कारण त्या वेळी त्या रात्रपाळीवर असतात. तेव्हा हा विषय वकिलांचा नसून आपल्या घरचा आहे, असे समजून आपण तो ऐकावा.

परिचारिकेविषयी बोलावयाचे म्हटले की वक्त्याच्या मुखी प्रथम 'सेवा' हा शब्द येतो. शब्द पवित्र आहे, यात शंका नाही. परंतु त्या शब्दाचा एक उपयोग असा होत असलेला आम्ही पाहतो की, जिने पगार वेळेवर मागितला, जिने रात्री एकटीने दूरच्या वॉर्डात जाण्यास नकार दिला, किंवा जिने एखाद्या माणसाच्या वर्तनाबद्दल तक्रार केली, तिला "अहो, ही तर सेवा आहे, थोडे सोसावे" असे सांगून गप्प बसविण्यात येते. हा उपयोग आम्हांस मान्य नाही, आणि शुभवर्तमानासही तो मान्य असेल असे आम्हांस वाटत नाही.

दयाळू शोमरोन्याचा दृष्टांत आपणांस मुखोद्गत आहे. त्यात शोमरोन्याची स्तुती सर्व जण करतात, उतारशाळेच्या मालकाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक शोमरोनी त्या जखमी मनुष्यास एक रात्र सांभाळून दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेने गेला. पुढील मलमपट्टी, अन्नपाणी, रात्रीचे जागरण हे सर्व त्या उतारशाळेच्या मालकाने करावयाचे होते. त्याच्या हाती शोमरोन्याने दोन दीनार ठेवले. त्या काळी एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शिवाय अधिक खर्च झाल्यास परत येताना फेडीन, असे वचनही दिले. म्हणजे ज्या दृष्टांतास आपण निःस्वार्थ दयेचा नमुना मानतो, त्यातही परिचर्या करणाऱ्याचे देणे ठरवून, मोजून दिलेले आहे. पावती नव्हती एवढेच!

आता दृष्टांत सोडून प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीकडे वळू. ज्या एका प्रकरणामुळे भारतातील परिचर्येचे जवळजवळ सारे प्रश्न एकाच खाटेभोवती गोळा झाले, ते प्रकरण महाराष्ट्रातील, मुंबईच्या परळ भागातील के. ई. एम. रुग्णालयातील आहे. आपल्यातील वडीलधाऱ्यांस ते स्मरत असेल. तरुण मुलींनी मात्र ते नीट समजून घ्यावे, अशी आमची इच्छा आहे.

कुमारी अरुणा शानबाग ही मूळची कर्नाटकातील हळदीपूरची. मुंबईस येऊन ती के. ई. एम. मध्ये परिचारिका झाली. 1973 साली ती पंचवीस वर्षांची होती, आणि तिचे लग्न ठरलेले होते. त्याच रुग्णालयात काम करणाऱ्या एका सफाई कामगाराशी तिचा कामावरून खटका उडाला होता. प्रयोगशाळेतील कुत्र्यांसाठी येणाऱ्या खाद्याची तो चोरी करतो, हे वरिष्ठांस कळवीन, अशी ताकीद तिने त्यास दिली होती, असे तेव्हापासून सांगण्यात येते. 27 नोव्हेंबर 1973 रोजी सायंकाळी काम संपल्यावर ती तळघरात कपडे बदलावयास गेली असता त्याने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला व तिच्यावर अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठ वाजता झाडणारास ती रक्ताच्या थारोळ्यात बेशुद्ध आढळली. गळा आवळल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला होता. त्या दिवसापासून 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने तिचा अंत होईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षे व काही महिने, ती त्याच रुग्णालयात पडून होती. श्वास चालू, रक्ताभिसरण चालू, पण बोलणे नाही, चालणे नाही आणि ओळख तर जवळजवळ नाहीच.

या हकिगतीतील एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आरोपीस दरोडा व खुनाचा प्रयत्न या गुन्ह्यांबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा गुन्हा त्याच्यावर लावण्यातच आला नाही. तिच्या नावास बट्टा लागू नये या विचाराने ती बाब झाकण्यात आली, असे तिची हकिगत लिहिणारांनी नमूद केले आहे. ज्यांनी झाकली त्यांचा हेतू चांगला असेल. परंतु परिणाम काय झाला? अब्रू वाचली म्हणावे तर जिची अब्रू तिला त्याचे भान नाही; आणि गुन्हेगार आपल्या खऱ्या अपराधाची शिक्षा न भोगता सुटला. आपल्या गावातही अशा प्रसंगी पहिला प्रश्न "लोक काय म्हणतील" हाच निघतो. बंधूंनो, मुलीवर अन्याय झाला असता लाज वाटावयाची ती अन्याय करणारास. आईबापांनी तिला घरात कोंडून गप्प राहावयास सांगणे हे तिच्यावरील दुसरे दडपण होय, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

कायदा पुष्कळ उशिरा जागा झाला. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने विशाखा प्रकरणात कामाच्या जागी स्त्रियांच्या छळाविषयी नियम घालून दिले. त्यांचे रीतसर कायद्यात रूपांतर व्हावयास 2013 साल उजाडले. त्याच वर्षी दंडविधानात अशी तरतूद झाली की, लैंगिक अत्याचाराच्या वेळी केलेल्या दुखापतीमुळे स्त्री मृत्यू पावली किंवा कायमची अचेत झाली, तर कमीत कमी वीस वर्षे सक्तमजुरी, आणि देहान्तापर्यंतही शिक्षा होऊ शकते. आज ती तरतूद भारतीय न्याय संहितेच्या 66 व्या कलमात आहे. अरुणेचे नाव त्या कलमात नाही, पण ते वाचताना तिची खाट डोळ्यांपुढे येते. मुंबईच्या परिचारिकांनी मात्र इतकी वर्षे वाट पाहिली नव्हती. त्या घटनेनंतर लगेच त्यांनी संप केला, आणि अरुणेची नीट व्यवस्था व स्वतःच्या सुरक्षिततेची हमी मागितली. रुग्ण टाकून संप करणे हे परिचारिकेस शोभते काय, असे तेव्हाही विचारणारे होते. ज्या जागी रुग्णाची काळजी घेणारीच सुरक्षित नाही, तेथे रुग्ण सुरक्षित राहील हे कसे मानावे, असा आमचा उलट प्रश्न आहे.

आता त्या खाटेची दुसरी बाजू पाहू. अरुणेस चौथ्या क्रमांकाच्या वॉर्डालगतच्या एका खोलीत ठेविले होते. तिला सांभाळणाऱ्या परिचारिका बदलत गेल्या. ज्या तिच्या बरोबरीच्या होत्या त्या निवृत्त झाल्या; त्यांच्या जागी ज्या आल्या त्यांतील कित्येक 1973 साली जन्मल्याही नव्हत्या. तरी अन्न कुसकरून भरविणे, अंग पुसणे, कूस पालटणे हा क्रम चुकला नाही. अंथरुणास खिळलेल्या मनुष्यास शय्याव्रण, म्हणजे पडून पडून पाठीस होणाऱ्या जखमा, किती लवकर होतात, हे येथे बसलेल्या भगिनींस सांगावयास नको. पंधरा दिवस दुर्लक्ष झाले तरी पुरे. अरुणेस छत्तीस वर्षांत एकही शय्याव्रण झाले नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहे. आम्हांस विचाराल तर परिचारिकेच्या व्यवसायाचे याहून मोठे प्रशस्तिपत्र छापील पदवीतही नसते. 1980 च्या दशकात महापालिकेने खाट मोकळी करण्यासाठी तिला दुसरीकडे हलविण्याचे ठरविले, तेव्हा परिचारिका आडव्या उभ्या राहिल्या आणि तो बेत सोडून द्यावा लागला. एका निवृत्त परिचारिकेने तर पगार व प्रवासखर्च यांपैकी काहीही न घेता तिची शुश्रूषा पुढे चालविण्याची तयारी दाखविली होती.

मग न्यायालयात दावा आला तो असा. अरुणेचे चरित्र लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांनी तिची 'निकट स्नेही' म्हणून अर्ज केला की, हे जिणे जिणे नव्हे. तिला अन्न देणे थांबवून शांतपणे मरू द्यावे. हा अर्ज क्रूरपणाने केलेला नव्हता, करुणेनेच केलेला होता, हे आपण लक्षात ठेवावे. न्यायालयानेही त्यांच्या तळमळीचा गौरवच केला. तीन डॉक्टरांनी अरुणेस तपासले. 7 मार्च 2011 रोजी न्या. मार्कंडेय काटजू व न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी अर्ज फेटाळला. जिने तिच्यावर पुस्तक लिहिले तिच्यापेक्षा ज्यांनी तिला रात्रंदिवस सांभाळले, ते रुग्णालयातील लोकच तिचे खरे निकट स्नेही होत, आणि त्यांना ती जगावी असे वाटते, असे न्यायालयाने ठरविले. ते ऐकून के. ई. एम. च्या परिचारिकांनी मिठाई वाटली.

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबावेसे वाटते. इतर वेळी परिचारिकेने डॉक्टरांचा हुकूम पाळावा, मेट्रनचा शब्द झेलावा, नातेवाइकांची बोलणी ऐकावी, आणि आपले मत विचारल्यावाचून सांगू नये, अशीच जगाची अपेक्षा असते. येथे देशाचे सर्वोच्च न्यायालय म्हणते की, या रुग्णाविषयी बोलण्याचा अधिकार प्रथम हिचा. हा अधिकार तिला कोणी बहाल केला नव्हता. भरविलेल्या घासाघासाने तो तिच्याकडे आला होता.

त्याच निकालात न्यायालयाने दुसरीही एक गोष्ट ठरविली, आणि ती प्रत्येक परिचारिकेने समजून घेतली पाहिजे. औषध टोचून जीव घेणे गुन्हाच; परंतु जगविणारे उपचार काढून घेणे किंवा न देणे, यास उच्च न्यायालयाच्या परवानगीने काही प्रसंगी मुभा राहील, असे त्यात सांगितले. पुढे 9 मार्च 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि मनुष्यास आधीच इच्छापत्र करून ठेवण्याची सोय दिली. 24 जानेवारी 2023 रोजी ती रीत सुलभ करण्यात आली. इच्छापत्रावर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढे सही व्हावी. उपचार थांबविण्याचा निर्णय डॉक्टरांच्या एका मंडळाने घ्यावा, दुसऱ्या मंडळाने तपासावा, आणि अंमल करण्यापूर्वी दंडाधिकाऱ्यास कळवावे, असा तो क्रम आहे.

पवित्र ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत काय आहे, हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारण्यात येतो, आणि लोकांच्या मनात त्याविषयी दोन उलटसुलट गैरसमज असतात. काहींस वाटते की, यंत्राने जितके दिवस श्वास चालेल तितके दिवस तो चालवीत राहावे, नाही तर पाप लागते. तसे नाही. पोप बारावे पायस यांनी 24 नोव्हेंबर 1957 रोजी डॉक्टरांपुढे बोलताना स्पष्ट केले आहे की, साधारण उपाय योजणे हे कर्तव्य आहे. स्वतःवर वा इतरांवर असाधारण भार टाकणारे उपाय योजण्याची सक्ती नाही. आमच्या भागात कापूस-सोयाबीनवर जगणारा शेतकरी म्हाताऱ्या बापाच्या शेवटच्या आठ दिवसांसाठी चार एकरांतील दोन एकर विकतो, आणि अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसून राहतो. डॉक्टर सांगतात की सुधारणा होणार नाही. तरी "धर्म काय म्हणेल" या भीतीने तो यंत्र काढू देत नाही. अशा मुलास आम्ही सांगतो की, धर्म तुझ्याकडून हे मागत नाही. बापाला घरी आण, त्याच्याजवळ बस, त्याच्या वेदना शमव, धर्मगुरूस बोलाव. वेदना शमविण्यासाठी योग्य मात्रेत दिलेल्या औषधाने आयुष्य काहीसे कमी होण्याचा संभव असला तरी, मारण्याचा हेतू नसेल तर ते देणे निषिद्ध नाही, हेही त्याच पोपमहाशयांनी 1957 सालीच सांगून ठेविले आहे.

दुसरा गैरसमज याच्या उलट. कायद्याने मुभा दिली म्हणजे सारेच योग्य, असे काही सुशिक्षितांस वाटते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 20 मार्च 2004 रोजी सांगितले की, अचेत मनुष्यास अन्नपाणी देणे, मग ते नळीने का असेना, ही औषधयोजना नव्हे, तर साधी परिचर्या होय. आणि जोवर ते त्याच्या अंगी लागते तोवर ते द्यावे. के. ई. एम. मधील परिचारिका निरनिराळ्या धर्मांच्या होत्या. त्यांतील कोणी हे भाषण वाचले असेल असे नाही. अरुणेस 2010 साली हिवताप झाला आणि तोंडाने अन्न जाईना, तेव्हा नाकावाटे नळी घालून त्यांनी तिला भरविले. 'कुसकरलेली पोळी ही गोळी नव्हे' हे त्यांस कोणी शिकवावे लागले नाही.

परंतु मग एखाद्या रुग्णालयात परिचारिकेस तोंडी सांगण्यात आले की "ती नळी काढून टाक", तर तिने काय करावे? कायद्याचा आणि सद्सद्विवेकबुद्धीचा सल्ला येथे एकच आहे. तोंडी हुकमावर असे काहीही करू नये. मंडळाचा लेखी निर्णय पाहावा. नसेल तर नम्रपणे, पण निश्चून, नाही म्हणावे, आणि जे घडले ते वेळेसह आपल्या नोंदवहीत लिहावे. निर्णय रीतसर असूनही सद्सद्विवेकास पटत नसेल तर ते काम आपल्याकडे देऊ नये, असे वरिष्ठांस आगाऊ सांगावे. आयत्या वेळी रुग्ण टाकून निघून जाऊ नये. नातेवाईक पाया पडतील, रागावतील, पैसेही पुढे करतील. नोंदवही हीच अशा वेळी परिचारिकेची साक्षीदार. जी परिचारिका दिलेले औषध, मात्रा व वेळ जेथल्या तेथे लिहिते, तिला न्यायालयात घाबरण्याचे कारण क्वचितच पडते. "मागाहून लिहीन" म्हणणारीस पडते.

रुग्णाचे गुपित राखण्याविषयी दोनच शब्द. आमच्यासारख्या गावात पारावर बसलेले दहा जण परिचारिकेस विचारतात, "काय हो सिस्टर, अमक्याच्या सुनेला काय झाले होते?" उत्तर न दिल्यास ती गर्विष्ठ ठरते. ठरू द्यावी. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरू कोणासही, कशासाठीही सांगू शकत नाही. परिचारिकेचे मौन मात्र तसे निरपवाद नाही, हा फरक ध्यानात असावा. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास 2012 च्या कायद्याने तिने ते पोलिसांस कळविलेच पाहिजे. अत्याचारपीडित स्त्रीवर विनामूल्य उपचार करून पोलिसांस कळविण्याचे बंधन तर सरकारी व खासगी अशा सर्व रुग्णालयांवर आहे. अशा वेळी "घरची गोष्ट घरात राहू द्या" म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांचे ऐकू नये, मग ते आमच्या धर्मग्रामातील मानकरी का असेनात.

राहिला हक्कांचा भाग. परिचारिकेची नोंदणी ही केवळ कागद नव्हे. 1966 च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याखाली ज्यांची नोंदणी आहे त्यांचे शिक्षण व वर्तन यांवर परिषदेची देखरेख असते. पांढरा गणवेश चढविलेली प्रत्येक मुलगी शिकलेली परिचारिका असतेच असे नाही, हे खासगी दवाखान्यांत हिंडणारास ठाऊक आहे. बारावी झालेल्या मुलीस महिन्याभरात इंजेक्शन देण्यास उभे करावयाचे, आणि काही विपरीत घडले की तिच्यावर ढकलावयाचे, हा व्यवहार आम्हांस अत्यंत अन्यायाचा वाटतो. आपल्या मुलींनी शिक्षण पुरे करून, नोंदणी करूनच कामास लागावे. रुग्णाच्या नातेवाइकांनी मारहाण केल्यास 2010 च्या महाराष्ट्रातील कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद व पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो गुन्हा अजामीनपात्र आहे. कामाच्या जागी छळ झाल्यास दहा किंवा अधिक नोकर असलेल्या प्रत्येक संस्थेत तक्रार समिती असावयास हवी; दवाखाना त्याहून लहान असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती तक्रार घेते. तक्रार साधारणतः तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी.

हे कायदे आहेत म्हणून सारे सुरळीत झाले, असे आम्ही म्हणत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात कर्तव्यावर असलेल्या एका तरुण महिला डॉक्टरवर अत्याचार करून तिचा खून झाला. 20 ऑगस्ट रोजी त्याची सुनावणी करताना सर्वोच्च न्यायालयास एकावन्न वर्षांपूर्वीच्या अरुणेची आठवण काढावी लागली. त्याही वेळी प्रश्न तेच निघाले: विश्रांतीची खोली कोठे, तिला कडी आहे काय, रात्री फेरी कोण मारतो.

म्हणून आता पालकांस एक विनंती. मुलीला परिचर्येच्या शिक्षणास किंवा नोकरीस पाठविताना आपण शुल्क विचारतो, पगार विचारतो, जेवणाची सोय विचारतो. त्याबरोबर कपडे बदलण्याची खोली स्वतः पाहून यावी. तिला आतून कडी लागते की नाही हे हाताने लावून पाहावे. रात्रपाळी संपल्यावर मुलगी वसतिगृहात कशी पोहोचते, वाटेत दिवे आहेत काय, तक्रार समितीवर कोण आहेत व त्यांची नावे भिंतीवर लावली आहेत काय, हे विचारावे. विचारल्याचा कोणास राग आला, तर ती जागा आपल्या मुलीसाठी नव्हे असे समजावे. यंदा ज्यांच्या मुली जाणार आहेत त्यांनी प्रवेशाचे कागद भरण्यापूर्वी एकदा धर्मगुरुनिवासात येऊन आम्हांस भेटावे. आपल्यातील दोन निवृत्त परिचारिकांनी पालकांसोबत जाऊन रुग्णालय व वसतिगृह पाहून येण्याचे कबूल केले आहे. त्यांच्या प्रवासखर्चाची तजवीज ज्युबिली निधीतून करण्यात येईल.